मन्मथअप्पांची साक्ष

मन्मथअप्पांच्या दुकानात मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा ते एका कॉलेजकुमाराच्या मुस्काटात मारत होते. दोन्ही गाल झाले, त्याचा चष्मा खाली पडला. तो अप्पांनीच उचलला, स्वतःच्या शर्टाला पुसून त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बसा बाई. काय पायजे, कायदा का सिनेमा?"

मी मुखेडहून लातूरला लॉ कॉलेजात नाव घालायला आले होते. सोबत वडील. ते हायस्कुलात शिक्षक, पण जन्मात कुणाला टपली मारली नाही. कानाशी येऊन म्हणाले, "चल, दुसरीकडं बघू." पण कोर्टाच्या रस्त्याला कायद्याची पुस्तकं ठेवणारं तेव्हा हे एकच दुकान होतं, आणि मी मुळात हट्टी. बसले. त्या मार खाणाऱ्याचा गुन्हा असा, की तो पुस्तक विकत घ्यायचं सोडून मोबाईलवर पानांचे फोटो काढत होता. अप्पा माझं पुस्तक काढता काढता त्याला म्हणत होते, "वकील व्हायलास आन् चोरी करून राहिलास? कोणाची केस लढशील रे तू?" गंमत म्हणजे त्यानं गाल चोळत चोळत ते पुस्तक विकत घेतलं. आज तो उदगीरला वकिली करतो आणि बरी करतो.

दुकानाच्या बोर्डावर लिहिलं होतं: 'मन्मथ बुक डेपो. शैक्षणिक व व्यावसायिक पुस्तके. ड्रामा सिनेमे विकत मिळतील.' आम्ही विद्यार्थी या बोर्डाला लई हसायचो. आत शिरलं की डाव्या भिंतीला कायदा, डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, सीएची जाडजूड पुस्तकं, आणि उजव्या भिंतीला छतापर्यंत सिनेमांच्या डीव्हीडी. मध्ये गल्ल्यावर अप्पा. बुटके, मनगटं जाड, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. मूळचे देगलूरचे, त्यामुळं बोलता बोलता तेलुगू आणि कानडी दोन्ही मध्ये यायचं. शिव्या मात्र शुद्ध मराठीतून.

सिनेमे फक्त ड्रामा. विनोदी नाही, भुताचे नाही, मारामारीचे तर नाहीच. मी एकदा विचारलं, "अप्पा, मारामारीचे का ठेवत नाही? तेच तर जास्त खपतात." ते म्हणाले, "मारामारी बघायला पैसे कामून घालायचे? हितं उभं राहा थोडा वेळ." ड्रामा म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या पक्की होती. ज्यात एकानं तरी पोटातून रडावं आणि एकाला तरी न्याव मिळावा, तो ड्रामा. बाकी सगळा धिंगाणा. पुढं मोबाईलवर सगळं फुकट मिळायला लागलं, डीव्हीडी लावायचं यंत्र लोकांच्या घरातून गेलं, तरी अप्पांनी ती भिंत हलवली नाही. फुकट बघितलेला सिनेमा अंगी लागत नाही, इकत घ्यावा, घरात ठेवावा, असं ते म्हणायचे. पुस्तकांचंही तेच. पुस्तक विकलं की गिऱ्हाइकाला थांबवून तिथल्या तिथं खाकी कागदाचं कव्हर घालून द्यायचे. त्यासाठी एक स्टीलची लांब पट्टी होती. माझ्या पुस्तकाचं पान मी खुणेसाठी दुमडलेलं त्यांना दिसलं तेव्हा तीच पट्टी माझ्या बोटांवर बसली होती. मी कळवळून म्हटलं, "अप्पा, पुस्तक माझं आहे." "म्हून एकच बसली," ते म्हणाले. तेव्हापासून मी पान दुमडत नाही.

माणूस तापट होता हे सांगायला नको. पण नुसता तापट असता तर मी आज कागद काळे करत बसले नसते. अप्पांची खरी करामत सिनेमा सांगण्यात होती. कुणी डीव्हीडी हातात घेऊन "ही कशी आहे?" विचारलं की अप्पा पट्टी खाली ठेवायचे आणि सुरू. बाप कसा उंबऱ्यात उभा राहिला, लेक कशी मागं न बघता गेली, भावानं भावाच्या पायावर डोकं कसं आपटलं. आवाज खाली आणायचे, मध्येच थांबायचे, समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की स्वतःच्या दस्तीनं स्वतःचे डोळे पुसायचे. एक हवालदार असाच डीव्हीडी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तणतणत आला. "अप्पा, त्या म्हाताऱ्यानं मरताना सुनेची माफी मागितली म्हणून तुम्ही सांगितलं. आम्ही घरात सगळे बसून राहिलो. तसलं काई न्हाई त्याच्यात. म्हातारा नुसताच मरतो."

अप्पा जरा विचारात पडले. मग म्हणाले, "न्हाई का? असायला पायजे होतं की हो."

सगळ्या कोर्टरोडला माहीत होतं, की अप्पा सांगतात तो सिनेमा निराळा आणि डब्यातला निराळा. लोक तरी विकत घ्यायचे, कारण निम्मा सिनेमा त्यांनी दुकानातच बघितलेला असायचा. मग असं फुकट ऐकलेलं बरं चालतं तुम्हाला, असं मी अप्पांना चिडवायची.

शेजारच्या गाळ्यात बब्रुवानचं झेरॉक्सचं दुकान. आता पुस्तकवाला आणि झेरॉक्सवाला शेजारी शेजारी म्हटल्यावर काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. एक पोरगं अप्पांकडून पुस्तक घ्यायचं, बब्रुवानकडं नेऊन त्याच्या चाळीस कॉप्या काढायचं, आणि अप्पांचं बाकीचं बंडल तसंच पडून. अप्पांनी सांगून बघितलं, शिव्या देऊन बघितल्या. मग एके दिवशी शटर ओढायचा लोखंडी गज घेऊन आत घुसले आणि बब्रुवानच्या मशीनची काच फोडली. बब्रुवान किडकिडा माणूस, अंगात जोर नाही, तो अप्पांच्या मनगटाला कडकडून चावला. दोघं रक्तबंबाळ होऊन फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात निघाले, आणि रिक्षा एकच मिळाली म्हणून एकाच रिक्षातून गेले. फौजदारानं दोघांना हाकलून दिलं. येताना परत एकाच रिक्षात.

त्या शनिवारी बब्रुवान अप्पांच्या दुकानात आला आणि म्हणाला, "अप्पा, रडायचा द्या एखादा. घरी मागणी हाय." त्याच्या बायकोला, सुमनला, अप्पांकडचे सिनेमे फार आवडायचे. दर शनिवारी बब्रुवान एक न्यायचा, त्याआधी अप्पांकडून तो पुरता ऐकून घ्यायचा, आणि घरी जाऊन सुमनला अप्पांचा सिनेमा सांगायचा. "डब्यातला कोण बघतंय?" तो मला म्हणाला होता. "अप्पाचाच भारी ऱ्हातो." असे हे दोघं वैरी. बाकीचे सहा दिवस एकमेकांच्या आईबापाचा उद्धार चालू असायचा.

लातूरला क्लासेसचं पीक आलं तशी नोट्स छापायच्या धंद्याला बरकत आली, आणि बरकत आली तिथं पिंटूशेठ आला. पिंटूशेठ म्हणजे वाढदिवसाला चौकाचौकात ज्याचे बॅनर लागतात असला माणूस. त्यानं मोठी मशिनं टाकली आणि कोर्टरोडच्या लाईनीतल्या सगळ्या झेरॉक्सवाल्यांना निरोप धाडला, की यापुढं क्लासच्या नोट्स कुणी काढायच्या नाहीत. सगळ्यांनी ऐकलं. बब्रुवाननं ऐकलं नाही. अप्पांनी त्याला समजावलं, "नाद सोड त्याचा. लई हरामी हाय ते." बब्रुवान म्हणाला, "अप्पा, तुमचा मार खाऊन मी बंद केलं न्हाई. त्याच्या निरोपानं करू व्हय?"

भर उन्हाळ्यातली दुपार होती. मी तेव्हा सनद घेऊन कोर्टात उमेदवारी करत होते, जेवायच्या सुट्टीत अप्पांकडं निघाले होते. वाटेतच मला शटरं पडल्याचा आवाज आला, खडाखडा, एकामागून एक. मी पोचले तेव्हा सगळी लाईन बंद आणि रस्त्यावर एकटे अप्पा बसलेले. मांडीवर बब्रुवान. अप्पांचं पांढरं धोतर कमरेपासून खाली लाल झालेलं. बब्रुवानचे डोळे उघडे होते. मान जवळजवळ तुटलेली होती, अप्पांनी ती दोन्ही हातांनी जुळवून धरली होती.

हाताखालच्या दोन पोरांनी बब्रुवानचे हात धरले आणि पिंटूशेठनं स्वतः कोयता चालवला. पहिलाच घाव गळ्यावर. अप्पा गज घेऊन धावेपर्यंत आणखी दोन झाले होते. गजाचा एक टोला एकाच्या पाठीत बसला, ते मोटरसायकलींवर बसून पळाले. हे सगळं अप्पांनी त्याच संध्याकाळी पोलिसांना सांगितलं, नावासकट. बाकी सगळ्या लाईनीतल्या एकाही माणसानं काही बघितलेलं नव्हतं. कॅमेरे सगळ्यांचे बंद होते. सोनार म्हणाला मी आत होतो, चहावाला म्हणाला मी वाकलो होतो. इतकी माणसं एकाच वेळी वाकलेली मी आयुष्यात पाहिली नाहीत. म्हणजे बब्रुवानला न्याय मिळायचा तर तो एका अप्पांच्या शब्दावर मिळणार होता, हे त्या दिवशीच नक्की झालं.

तिसऱ्या दिवशी अप्पा मला म्हणाले, "बाई, सुमनकडं जायचंय. माझ्या एकट्यानं होईना." मी गेले. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, बाया भिंतीला टेकून बसलेल्या, सुमन मधोमध. दोन लहान मुली मांडीला चिकटलेल्या. ती रडत नव्हती, हीच सगळ्यांना काळजी. अप्पा दारातच टेकले. मग सुमननं विचारलं, "अप्पा, तुमच्या मांडीवर गेले म्हणे. काई बोलले का हो?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बोलला की. तुझं नाव घेतलं. म्हणला, सुमनला सांगा, पोरींना शिकीव. मी बंद केलं न्हाई म्हणावं, पण तिला एकटी टाकून चाललो, माफ कर म्हणावं."

सुमननं असा हंबरडा फोडला, की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. बाया म्हणाल्या, बरं झालं, रडली. परत येताना मी रिक्षात अप्पांना विचारलं, "खरंच बोलला?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता पट्टी बसते. "गळ्यातून नुसती हवा येत होती," ते म्हणाले. "त्या बाईला काय सांगू? हवा आली म्हणू?"

खटला उभा राहीपर्यंत अप्पांचं जे झालं ते मी बघत होते. आधी दुकानावर दगड आले. मग सिनेमांची भिंत कुणीतरी रॉकेल टाकून पेटवली, निम्म्या डीव्हीडी वितळून एकमेकींना चिकटल्या. मग एका पहाटे देवळातून येताना त्यांना गाठून गजांनी झोडपलं. डावा हात दोन ठिकाणी मोडला. मी दवाखान्यात गेले तर प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून उजव्या हातानं वॉर्डबॉयला मारत होते, कारण त्यानं शेजारच्या पेशंटला उलट उत्तर दिलं होतं. मुलगा पुण्याहून आला, म्हणाला, साक्ष फिरवा आणि माझ्याकडं चला. अप्पांनी त्यालाही हाकलला. मला म्हणाले, "बब्र्या माझा दुश्मन होता बाई. दुश्मनासाठी खोटं कोण बोलंल? जज्जाला पटंल." मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्यांना बजावलं, "अप्पा, बघितलं तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही." ते चिडले. "मला कायदा शिकिवती? पुस्तकं कोणी इकली तुला?"

सगळं कोर्ट भरलं होतं. अप्पा पिंजऱ्यात उभे राहिले, धुतलेलं धोतर, भस्म. मी मागं उभी होते. माझ्या पुढच्या बाकावर सुमन दोन्ही मुलींना घेऊन. सरकारी वकिलांनी एकेक विचारत नेलं आणि अप्पांनी असं सुरेख सांगितलं, की मी निर्धास्त झाले. कोण कुठं उभा होता, कुणी हात धरले, कोयता कुठल्या हातात होता. पिंटूशेठकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्यानंच." पिंटूशेठची मान खाली गेली. तिथं थांबले असते तर आज तो माणूस जन्मठेपेवर असता.

सरकारी वकील म्हणाले, "मग काय झालं?" अप्पा म्हणाले, "मग मी त्याला मांडीवर घेतलं." आणि त्यांची नजर सुमनवर गेली. ती पुढं झुकून ऐकत होती. तिला ते शब्द परत ऐकायचे होते, सगळ्या लोकांसमोर, मुलींसमोर. मला ते तिच्या पाठीवरूनसुद्धा कळलं. अप्पांनी आवाज खाली आणला. मी मनात म्हटलं, नको अप्पा. पण ते सुरू झाले होते. बब्रुवाननं त्यांचा हात कसा धरला, सुमनचं नाव कसं घेतलं, पोरींना शिकीव म्हणाला, पिंटूशेठचं नाव घेऊन तुला देव बघंल म्हणाला. मध्ये थांबले. दस्तीनं डोळे पुसले. कोर्टात बायका रडायला लागल्या. स्टेनोसुद्धा थांबला होता.

आरोपीचे वकील उठले. त्यांच्या हातातल्या पुस्तकाला अप्पांनीच घातलेलं खाकी कव्हर होतं. फार गोड आवाजात त्यांनी विचारलं, "हे शेवटचं बोलणं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?"

"न्हाई."

"डॉक्टर सांगून गेले की पहिल्याच घावात श्वासनळी तुटली. तुटलेल्या गळ्यानं माणूस एवढं बोलतो?"

अप्पा दस्तीची घडी घालायला लागले.

"तुम्ही सिनेमे विकता. गिऱ्हाइकाला सिनेमा सांगताना त्यात नसलेलं घालून सांगता. सगळ्या कोर्टरोडला माहीत आहे. खरं की खोटं?"

"खरं हाय."

"मग हेही घातलेलंच आहे?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी बाकीची साक्ष कदाचित वाचली असती. घरच्या माणसाच्या समाधानासाठी बोललो म्हणाले असते तर न्यायाधीशांनीही समजून घेतलं असतं. अप्पांनी परत सुमनकडं बघितलं. तिनं दोन्ही हातांनी बाक धरला होता. अप्पा म्हणाले, "न्हाई. बोलला तो."

निकालाला वेळ लागला, पण आमच्यातल्या प्रत्येकाला तो त्याच दिवशी कळला होता. एकच साक्षीदार, आणि तो पदरचं घालून सांगतो. संशयाचा फायदा मिळून पिंटूशेठ त्या दोघांसकट सुटला. कोर्टाच्या आवारात त्याच्या पोरांनी गुलाल उधळला.

सुमन पायऱ्यांवर अप्पांना आडवी आली. "अप्पा, खरं सांगा. ते बोलले होते का न्हवते?"

अप्पांनी मान हलवली. "न्हाई पोरी. काईच बोलला न्हाई."

सुमननं पायातली चप्पल काढली. पहिली बसली ती गालावर, दुसरी डोळ्यावर. ती मारत होती आणि मोठ्यानं म्हणत होती, "सोडिवलं तुम्ही त्याला. तुम्ही सोडिवलं." ज्या माणसानं सगळ्या कोर्टरोडवर हात उचलला होता, तो हात खाली सोडून मार खात उभा राहिला. मी तिला धरायला गेले तर अप्पांनी मला मागं सारलं. भुवई फुटून रक्त यायला लागलं तेव्हा तिनंच चप्पल टाकली आणि मुलींना घेऊन निघून गेली.

त्यानंतर अप्पा सिनेमा सांगेनात. गिऱ्हाइकानं विचारलं, कसा आहे, तर म्हणायचे, "बघून घ्या." कव्हरं तेवढी घालायचे. कुणी पुस्तकाचे फोटो काढले तरी बघत राहायचे. मला ते पाहवेना, म्हणून मीही जाणं कमी केलं.

आणि मग एक दिवस पिंटूशेठ त्यांचा सत्कार करायला आला.

आपल्याकडं सत्काराचं वेड आहे. निवडून आलेल्याचा करतात, पडलेल्याचा करतात, बदली झालेल्याचा करतात. पिंटूशेठ ताशेवाला घेऊन आला, फटाक्यांच्या माळा लावल्या, दुकानाच्या पायरीवर चढला. "ह्या अप्पाच्या जबानीमुळं मी आज घरी हाय," असं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलला. शाल घातली. हातात नारळ दिला. पाया पडायला वाकला.

अप्पांनी तोच नारळ त्याच्या कानशिलावर घातला. तो आडवा झाला, डोकं पायरीच्या दगडावर आपटलं. अप्पांनी शटरचा गज उचलला. त्याची पोरं, ताशेवाला, सगळे पळाले. शटरं पडली, खडाखडा, एकामागून एक. पोलीस आले तेव्हा अप्पा पायरीवर बसले होते, अंगावर शाल तशीच, आणि शेजारी जे पडलं होतं त्याला तोंड राहिलं नव्हतं.

या वेळीही लाईनीतल्या कुणीच काही बघितलं नव्हतं. सोनार आत होता, चहावाला वाकला होता. कॅमेरे बंद. फक्त या वेळी ते अप्पांसाठी वाकले होते. पिंटूशेठची पोरं स्वतःच फरार असल्यासारखी, कोर्टाच्या आसपास फिरकायला तयार नाहीत. एकाच्या मोबाईलवर सत्काराचा व्हिडिओ सापडला. त्यात पिंटूशेठ अप्पांच्या गळ्याभोवती शाल नेतो एवढं दिसतं, मग मोबाईल फटाक्यांकडं वळतो आणि पुढं नुसता धूर.

केस आमच्या सीनियरांनी घेतली, मी हाताखाली. तो व्हिडिओ बघून सीनियर खुर्चीतून उठलेच. कोर्टाच्या व्हरांड्यात, दोन्हीकडं शिपाई, मध्ये अप्पा, आणि सीनियर त्यांच्या कानाशी वाकून सांगत होते, "त्यानं शाल गळ्याला आवळली. तुमचा श्वास कोंडला. तो एक खून केलेला माणूस, तुम्ही म्हातारे, मोडलेला हात. जीव वाचवायला हातात होतं ते मारलं. तो पडल्यावरचं काही आठवत नाही. बस, एवढं बोला. उलट सांगायला एक माणूस नाही अप्पा. तुम्ही घरी जाल."

अप्पांनी मन लावून ऐकलं. शेवटी मान डोलावली. "चांगलं हाय," ते म्हणाले. "लई चांगलं हाय. पटण्यासारखं." सीनियरांनी त्यांचा खांदा थोपटला. मला हायसं वाटलं. मनातून मला अप्पा सुटायलाच हवे होते, आणि हे मी आजही लपवत नाही.

कोर्टात आरोप वाचून झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" सीनियर 'नाही' म्हणायला उठले. अप्पांनी त्यांना हातानं बसवलं.

"साहेब, शाल त्यानं नीट घातली. दोन्ही खांद्यांवरून. गळा आवळला न्हाई. त्याच्या हातात काई नव्हतं, पाया पडायला वाकला होता. नारळ मी मारला. मग गज घेतला."

न्यायाधीश म्हणाले, "विचार करून बोला. हे तुमच्याविरुद्ध जाईल. वकिलांशी बोलायला वेळ देतो."

"विचार झाला साहेब. पडल्यावर बी मारलं. तो नको म्हणला. नको अप्पा, पाया पडतो, असं दोनदा म्हणला. मी ऐकलं. तरी मारलं."

सीनियर डोकं धरून बसले. स्टेनोची बोटं चालत होती, तेवढाच आवाज. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हते.

"आणखी काही सांगायचं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"न्हाई साहेब. एवढंच झालं."

सुमन मागच्या बाकावर बसली होती, दोन्ही मुलींना घेऊन. शिपायांनी अप्पांना तिच्या अगदी जवळून बाहेर नेलं. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.